फेसाखालचा डाग

महिपत महाराजांनी बाटलीतलं तीर्थ यंत्रात ओतलं आणि पांढराशुभ्र फेस फसफसत वर आला. रक्त तपासायच्या लॅबच्या दारात अर्धी सोसायटी हात जोडून उभी होती.

"गेलेल्याचा जीव यात अडकला होता," महाराज म्हणाले. "सुटतोय आता. फेस विरला की मशीन पवित्र."

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या त्या यंत्रापाशीच, लॅब चालवणारे रसिकाचे बाबा महिन्यापूर्वी कोसळून गेले होते. यंत्र विकायचं तर शुद्धीशिवाय गिऱ्हाईक हात लावणार नाही, असं जुन्या सामानाचा व्यापारी साहिल म्हणाला, म्हणून शेजारच्या मंदाकाकूंनी महाराज आणले. रसिका नको म्हणाली नव्हती. घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. निदान आज दारात माणसं होती.

बाबा खरंच सुटत असतील, असं तिला क्षणभर वाटलंही. मग फेसाखालचा तपकिरी डाग दिसला.

"साहिलभाई, इसको खोलेगा कौन?"

"अपना मेकॅनिक पराग. वैसे मशीन धोकर देते हैं, पर अब तो महाराजने कर दिया. झंझट खतम."

रसिकाने मंदाकाकूंच्या पिशवीतला बटाटा उचलला.

"आत्ता भाजी करतेस?" काकू म्हणाल्या.

तिने बटाटा चिरला आणि महाराजांच्या हातातली बाटली घेऊन त्यावर थोडं तीर्थ ओतलं. बटाटा फसफसला. कोऱ्या काचेवर ओतलं, तर ते पाण्यासारखं पडून राहिलं.

"महाराज," मागून कोणीतरी विचारलं, "बटाट्यात कोणाचे आजोबा अडकलेत?"

महाराज हसले नाहीत. "श्रद्धेत शास्त्र आणू नये, पोरी."

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. जखम धुतात ते. रक्तात आणि बटाट्यात एक द्रव्य असतं, ते यातला प्राणवायू मोकळा करतं. त्याचा हा फेस. म्हणजे आत रक्त आहे. त्यातून कोणाची कावीळ परागच्या हातावरच्या कापात गेली, तर महाराज येणार आहेत का?"

"अगं, तुझ्या बाबांसाठीच केलं," काकू हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे, काकू."

गर्दी पांगली. महाराज बाटली तिथेच विसरले.

हातमोजे घालून तिने प्लग काढला. यंत्राच्या तळाशी काच चमकली. नळी त्या दिवशी फुटली असणार. पुसायला बाबा राहिले नव्हते. तिने चिमट्याने तुकडे वेचले, साबणाच्या पाण्याने यंत्राचं आतलं भांडं घासलं. ते पाणी निपटून ब्लीचचं ताजं द्रावण लावलं आणि जंतू मरेपर्यंत भांडं ओलं राहू दिलं. वाट बघण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून घेतलं.

संध्याकाळी साहिल टेम्पो घेऊन आला. "हो गया शुद्ध?"

"साफ झालंय."

बाबांचा एक रिवाज होता. यंत्र देताना घेणाऱ्यासमोर ते उघडा तळवा आत टेकवायचे. मी ज्याला हात लावणार नाही, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, असं म्हणायचे. रसिकाने हातमोजा काढून तळवा टेकवला. पत्रा थंड होता. आत कोणी अडकलं नव्हतं, म्हणून कोणी सुटलंही नव्हतं.

"परागला सांगा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी कुठे फेस दिसला तर हात जोडायच्या आधी विचार, हा आला कशाने. आणि मोजे घाल."

टेम्पो वळला. यंत्राच्या जागी फरशीवर एक फिकट चौकोन राहिला होता. तिने तोही पुसला आणि शटर ओढलं.