मणापासून स्वागत

आमच्या गुंजवण्यात पाण्याला पानीच म्हणतात. भोरच्या शाळेत नववीला आले आणि पहिल्याच आठवड्यात चैत्राली भर वर्गात ओरडली, "शेफाली, पानी न्हाई गं बाई, पाणी! ण!" सगळे हसले. म्हटलं, थांबा, दाखवतेच. भोरला मी मावशीकडे राहते. तिच्या मोरीत उभी राहून रोज ण-ण करायचे. मावशी विचारायची, "घसा दुखतोय का गं?"

असा ण जमला की विचारू नका! स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाला सरांनी मलाच निवडलं. सरावाच्या दिवशी माइक धरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "सर्व पाहुण्यांचं मणापासून स्वागत!"

जिथं न हवा तिथंही ण! अख्खा हॉल हसला. त्यांचं मला काही नाही. पण वैदेही, माझ्या बाकावरची, भोरमधली माझी एकुलती एक मैत्रीण, तीही तोंडावर हात धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी बाक बदलला. पंधरा दिवस मागच्या पायरीवर एकटीनं डबा खाल्ला. कुणी हळू बोललं की वाटायचं, माझ्याबद्दलच. एकदा दोघी खिदळत होत्या म्हणून तावातावानं गेले, तर त्या सरांच्या उलट्या घातलेल्या स्वेटरला हसत होत्या. तरी मी परत पायरीवरच.

मग एक दिवस वैदेही तिथं आली. "लई दिवस झाले. बोलत न्हाईस व्हय?"

"नक्कल करतेस?"

"नक्कल कसली! तुझ्याशेजारी बसून माझ्याच तोंडात बसलंय. परवा घरी 'लई' म्हटलं तर आई केवढी ओरडली."

"का?"

ती खाली बघायला लागली. "असंच. खेडवळासारखं बोलू नकोस म्हणाली."

म्हणजे पंधरा दिवस मी उगाच रुसले होते. आणि उगाच नव्हतेसुद्धा.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. रविवारी घरी ये ना. फक्त आईसमोर जरा नीट बोल."

नीट! हजार माणसांसमोर बोलेन मी, पुन्हा मण झालं तरी बोलेन. पण मैत्रिणीच्या घरी जीभ सांभाळून बसायचं?

"तूच ये की गुंजवण्याला. मी शनिवारी जातेच, रविवारी फाट्यावर वाट बघते. आमच्याकडं कसंबी बोललेलं चालतं."

"विचारते आईला," ती म्हणाली.

रविवारी गुंजवण्यात माझ्या आईनं दोन भाकरी जास्त थापल्या. मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. पहिली एसटी आली, गेली. दुसरीतून आमच्या शेजारची साळूबाई पिशव्या घेऊन उतरली.

"कुनाची वाट बघती गं?"

"मैत्रीण यायची हाय. भोरची."

"अगं, भोरकडनंच आली की ही गाडी. कुनी न्हाई त्यात."

"व्हय," म्हटलं. "तिसरी बघते."