कॅमेरा धरणारा हात

थिएटरात भूत आहे असं सिस्टर भुवनानं आयांना सांगितलं, आयांनी कँटीनला सांगितलं, आणि कँटीनवाल्यानं कॉफीचा टंबलर माझ्यापुढं ठेवत हळूच विचारलं, खरं का अम्मा? मी म्हटलं, असेल तर त्यालाही भूल देऊन ठेवते, तू साखर कमी घाल. भूल देणं हेच माझं काम. माणसाला झोपवायचं, जागं करायचं, मधल्या वेळात त्याचा श्वास सांभाळायचा. असल्या कामात भुताखेतांना जागा नसते, आणि कुणी तसलं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी भोळसट समजायला नको.

तंजावूरच्या आमच्या इस्पितळात पोट न फाडता, बारीक भोकांतून पित्ताशय काढायला सुरुवात केली ती माझ्या सासऱ्यांनी, डॉक्टर वैद्यनाथरावांनी. पोटात वायू भरून ते फुगवायचं, बेंबीतून कॅमेरा आत घालायचा आणि बाकीच्या भोकांतून लांब दांड्याची हत्यारं. यात सर्जन पोटाकडे बघतच नाही, समोरच्या पडद्याकडे बघतो. म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्याच्याच हातात असतात, कॅमेरा धरणाऱ्याच्या. मामंजींचे डोळे कैक वर्षं मुरलीच्या हातात होते. मुरली म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर. त्याच्या घशात नळी मीच घातली होती. तो जागा झाला नाही.

मामंजींना रेकॉर्डिंगचं वेड. शिकणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल म्हणून प्रत्येक ऑपरेशन आवाजासकट साठवून ठेवलेलं. त्याच रेकॉर्डिंगांवरून चेन्नईच्या हरितानं आणि तिच्या संशोधकांनी एका यांत्रिक हाताला शिकवलं. आता कॅमेरा तो हात धरणार, दुखणार नाही की थकणार नाही. सगळ्या परवानग्या घेऊन चाचणी आमच्याकडे सुरू झाली. प्रत्येक रेकॉर्डिंगवर नाव एकच, डॉक्टर वैद्यनाथराव. म्हणून जो तो म्हणायचा की हात वैद्यनाथरावांकडून शिकलाय. आमच्या धंद्यात कॅमेरा धरणाऱ्याचं नाव कुणी लिहीत नाही. आणि कमाल बघा, मलाही ते सुचलं नाही.

पहिल्या दिवशी टेबलावर पापनाशमच्या एक शिक्षिका होत्या. ऑपरेशन करत होता कल्याणराम, मामंजींचा जुना शिष्य. मामंजी निवृत्त, म्हणून काचेपलीकडच्या खोलीत पाहुण्यासारखे बसलेले, पुढ्यात माइक. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. पित्ताशयाची नळी मोकळी झाली, ती बंद करायला कल्याणरामनं क्लिप लावायचं हत्यार आत घातलं, आणि पडद्यावरचं चित्र हळूच खाली घसरलं. ऐन मोक्याच्या क्षणी हत्याराचं टोक दिसेना. कल्याणराम थांबला आणि त्यानं हाताला 'सेंटर', म्हणजे चित्र मधोमध आण, म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात माइकमधून मामंजींचा आवाज आला.

"मुरली, कोणीकडे पाहतोस? समोर पाहा."

आणि हात वर आला. चित्र जागच्या जागी, सरळ.

बापलेक ऑपरेशन करताना आपसात मराठीत बोलायचे, रागावणं सिस्टरांना कळू नये म्हणून. चेन्नईच्या लोकांनी हाताला हुकूम शिकवले ते इंग्रजी आणि तमिळमध्ये. मराठी त्यांना म्हाताऱ्याचं पुटपुटणं वाटलं, त्यांनी ते तसंच राहू दिलं होतं. हातानं मात्र सगळं ऐकलं होतं. चित्र घसरतं, मग रागवणं येतं, मग चित्र वर येतं, हे तो अख्खंच्या अख्खं शिकला होता. हरितानं हे मला नंतर नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, मॅडम, मुरली कोण? मी सांगितलं. त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. भुवनानं दुसऱ्या दिवशी हाताच्या बुडाशी विभूतीचं बोट लावलं. मी ते पुसलं आणि तिला चांगलं फैलावर घेतलं. पण पुसताना माझीच बोटं गार पडली होती.

मामंजी त्यानंतर दर ऑपरेशनला यायला लागले. मुरली गेल्यापासून ते मेल वीथीतल्या घरात नुसते बसून असायचे, ताटातलं ताटात राहायचं. आता सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याआधी जिना उतरून ऑटोला हाक मारायचे. काचेमागं बसायचे. क्लिपची वेळ झाली की चित्र घसरायचं, ते रागवायचे, हात सरळ व्हायचा. कल्याणराम गुरूसाठी मूग गिळून गप्प होता. घरी येऊन मामंजी पोटभर जेवायचे आणि म्हणायचे, मनगट अजून कच्चं आहे बघ त्याचं. मी ताट उचलून आत जायचे. म्हाताऱ्याला मुलगा परत मिळाला होता आणि मला रोज नव्यानं विधवा व्हावं लागत होतं.

मी पडद्याकडे कधी बघत नाही. माझी जागा पेशंटच्या डोक्याशी, हिरव्या पडदीमागं, माझी नजर श्वासावर आणि नाडीवर. सगळं थिएटर पडद्याकडे बघत असताना खुद्द त्या हाताकडे बघणारी मी एकटीच होते. आणि एके दिवशी मला दिसलं. कॅमेऱ्याचा दांडा बेंबीपाशी तोललेला असतो. बाहेरचं टोक डोक्याकडे कललं की आतलं टोक उलट, पायांकडे जातं. सगळ्यांना वाटायचं चित्र खाली पडतंय. बाहेर तो हात माझ्याकडे झुकत होता.

क्लिप लावायच्या आधी मुरली पडदीवरून माझ्याकडे बघायचा. मास्कवर नुसते डोळे. सगळं ठीक ना, एवढंच विचारायचा, आणि मी मान हलवायचे. मान वळली की खांदा वळायचा, खांद्याबरोबर हात. ते आम्हा दोघांचं होतं, कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तीच सवय आता लोखंडात उतरून माझ्या अंगावर झुकत होती. मी मान हलवली. खरं सांगते, हलवली. वर बघितलं तर तिथं डोळे नव्हते, एक सांधा होता आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी.

तेव्हापासून मी त्या क्षणाची वाट बघायला लागले. कामात माझा हात कधी चुकला नाही, पण क्लिप मागितली की छातीत धडधडायचं. झोप उडाली. घरात स्वयंपाक करताना पाठीमागं कुणीतरी कललंय असं वाटायचं, आणि मी वळायचे नाही. वळले तर तिथं कुणी नसेल, याचीच भीती वाटायची.

मग व्हायचं ते झालं. एका सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयाच्या वेळी क्लिपचं हत्यार आत आलं आणि चित्र नेहमीपेक्षा जास्त घसरलं. मामंजी रागावले, पण अर्धा श्वास उशिरा. तेवढ्यात टोक धमनीला लागलं. पडदा लाल झाला. कल्याणरामनं दाबून धरलं, मी रक्त मागवलं. बाई वाचल्या.

चाचणी थांबली. बैठकीत हरिता म्हणाली, ती सवय काढून टाकता येईल, पण मग हा जुना मेंदू पुसावाच लागेल, म्हणजे चुकूनही कुणी तो पेशंटवर वापरणार नाही. प्रत चेन्नईत राहील. नुसते आकडे. आकडे कुणाकडे झुकत नाहीत, हे तिला सांगून काय उपयोग?

पेशंटच्या सुरक्षेचा शेवटचा शब्द माझा होता. मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, काढून टाका. नजर टोकावरून हटली की माणूस मरतो, असली नजर थिएटरात नको. एवढं बोलून ते पाण्याचा ग्लास शोधायला लागले. मला असा संताप आला! जिवंत होता तेव्हा जन्मभर बोल लावले, आणि आता पुसून टाकतानाही आवाज कापत नाही? पण त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच राग जास्त होता. मी हो म्हटलं.

मात्र हरिताला मी बाजूला घेतलं. पुसायच्या आधी एकदा चालव म्हटलं, सरावाच्या खोलीत, पेशंटशिवाय. का, ते तिनं विचारलं नाही. भली पोर आहे.

दुपारची वेळ होती. सरावाच्या पेटीत बोकडाचं यकृत ठेवलेलं, पित्ताशयासकट. हात सुरू केला. पण हत्यार धरायला सर्जन हवा ना! मी कल्याणरामला फोन लावत होते, तेवढ्यात दार ढकलून मामंजी आत आले. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाही वर सारली, स्टूल ओढलं आणि हत्यारं हातात घेतली. बोटं थरथरत होती, पण पेटीत शिरल्यावर थांबली. मी मुकाट्यानं पेटीच्या डोक्याकडे जाऊन उभी राहिले, माझ्या जागेवर.

नळी मोकळी झाली. त्यांनी क्लिपचं हत्यार आत घातलं.

हात झुकला. हळू, अगदी त्याच्यासारखा, खांदा वळवून माझ्याकडे. मला रडू आवरेना. हरिता माइकशी थांबली होती, रागावणं येण्याची वाट बघत. मामंजींनी पडद्यावरून नजर काढली. मी त्यांना थिएटरात असं करताना कधी पाहिलं नव्हतं. आधी त्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग तो जिकडे झुकला होता तिकडे, माझ्याकडे. आणि मला कळलं की यांना ठाऊक होतं. मनगट कच्चं नाही, हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

"असू दे, बाळा," मामंजी म्हणाले. "बघून घे तिला."

इतक्या वर्षांच्या रेकॉर्डिंगांत ते हे एकदाही म्हणाले नव्हते. हाताला त्याचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून तो तसाच माझ्याकडे कललेला राहिला. आम्ही तिघं तिथंच होतो आणि कुणीच त्याला 'सेंटर' म्हटलं नाही.