तांबूचं पथ्य

एका कुत्र्याला खाज सुटली की सगळं घर बेजार होतं, असं कुणी आधी सांगितलं असतं तर उमानं ते हसण्यावारी नेलं असतं. आता हसू येत नव्हतं. तांबू कानामागं खाजवायला लागला की त्याचा मागचा पाय फरशीवर आपटायचा आणि त्या आवाजासरशी उमा हातातलं काम टाकून धावायची. चाटून चाटून पंजे सदा ओले. काखेतली कातडी काळी पडून जाड झालेली, पोटावरचे केस गेलेले. वास असा की पाहुणे दारातूनच "जरा घाई आहे" म्हणायचे.

समर्थनगरात सल्ल्यांना तोटा नाही. शेजारच्या काकूंनी कडुनिंबाचा पाला उकळून पाठवला, समोरच्या प्राध्यापकांनी करंजाचं तेल आणून दिलं. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी तर गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायला सांगितलं, म्हणे दोन दिवसांत खरूज साफ. "आधी तुम्ही लावून बघा, मग सांगा," उमा म्हणाली. तेव्हापासून ते गृहस्थ ओळख दाखवत नाहीत, आणि उमाचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

तांबू मुळात तिच्या सासूबाईंचा. खडकेश्वराच्या देवळापाशी सापडलेलं तांबूस पिल्लू माईंनी पदरात गुंडाळून घरी आणलं होतं. माईंचा एक शिरस्ता होता. पूजा झाली, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला, की प्रसादाचे पहिले थेंब तांबूला. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, त्यांना वगळून आपण कसं घ्यायचं, असं त्या म्हणायच्या. माई गेल्या तशी पूजा उमाकडं आली, कारण व्यंकटरावांचे, म्हणजे तिच्या सासऱ्यांचे, गुडघे आता पाटावर बसू देत नव्हते. माईंचं जे जे होतं ते तसंच चालू ठेवायचं, हे उमानं मनाशी पक्कं केलं होतं.

व्यंकटरावांना घरात सगळे अण्णा म्हणत. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून त्यांचा जन्म गेला. माईंमागं त्यांना बोलायला तांबूच उरला होता. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे आणि अण्णा त्याला जुने खटले सांगायचे. अमका साक्षीदार कसा फुटला, तमक्या वकिलानं कशी फजिती करून घेतली. तांबू मान तिरकी करून ऐकायचा. मिहिरनं, उमाच्या नवऱ्यानं, इतका वेळ बापाचं कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्याचा दिवस वाळूजच्या कंपनीत आणि उरलेला फोनवर जायचा.

शेवटी उमानं तांबूला छावणीतल्या डॉक्टर प्रेरणांकडं नेलं. त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खरूज नव्हती, गोचीड-पिसवाही नव्हत्या. आधी जखमांवर औषध झालं. मग त्या म्हणाल्या, "ही अॅलर्जी आहे. ही मुळापासून जात नसते, सांभाळावी लागते. पण कशाची आहे ते कळलं तर कुत्रं सुखानं जगतं. आधी खाण्यापासून सुरुवात करू. दोन महिने मी देते तेच खाणं आणि पाणी. बाकी तोंडात कणसुद्धा जाता कामा नये. एका कणानं सगळी मेहनत पाण्यात जाते."

असल्या बाबतीत उमाचा हात धरणारं कुणी नाही. बिस्किटांचे डबे माळ्यावर गेले. जेवणं दार लावून होऊ लागली. मिहिरला चहाबरोबरची खारी बंद झाली. पोळीभाकरीला येणाऱ्या पारूबाईला तर तिनं अशी काही तंबी दिली की ती बिचारी दुखावली.

"वैनी, मी कशाला घालू त्याला? माझ्या हातची भाकर तर त्यो हुंगत बी नाय," पारूबाई म्हणाली.

अण्णांना वेगळं सांगावं लागलं नाही. ते आपल्या ताटातला पोळीचा शेवटचा तुकडा तांबूला द्यायचे, तो त्यांनी पहिल्याच दिवशी थांबवला. तांबू समोर बसून बघत राहिला की अण्णा हात मांडीखाली घ्यायचे. "पथ्य म्हणजे पथ्य, गड्या," असं म्हणून दुसरीकडं बघायचे.

इतकं करून खाज होती तिथंच. महिना उलटला तरी पंजे ओले आणि कान लाल.

"घरातलं कुणीतरी त्याला काहीतरी द्यायलंय," डॉक्टर म्हणाल्या. "हे नेहमीचंच आहे. जरा नीट विचारा."

आता कुणाला विचारायचं? मिहिर दिवसभर बाहेर. पारूबाईनं शपथ घेतलेली. उरले अण्णा. आणि अण्णांचं हल्ली जरा विसरायला झालं होतं, हे खरं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. एकदा त्यांनी माईंच्या गोळ्या संपल्यात का, असंही विचारलं होतं.

"अण्णा, तुम्ही चुकून काही देता का हो त्याला?" उमानं शक्य तितक्या हळू विचारलं.

"बिलकूल नाही," अण्णा म्हणाले. "शपथेवर सांगतो." आणि त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

त्याच सुमारास पैठणला भाऊबंदांपैकी एक वारले. अण्णा आता भावकीत सगळ्यांत वडील, तेव्हा दिवसांसाठी ते तिकडंच राहिले. इकडं घराला सुतक. उमानं देव झाकून ठेवले. पूजा नाही, नैवेद्य नाही. आणि काय नवल, तांबूची खाज उतरायला लागली! पंजे कोरडे झाले. कानांची लाली गेली. पोटावर तांबूस लव दिसू लागली, तेव्हा उमानं आनंदानं त्याला मिठी मारली. पथ्य लागू पडलं होतं, औषध सापडलं होतं.

"घे," मिहिर म्हणाला, "अण्णा नाहीत तर कुत्रं बरं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

उमाचा आनंद तिथल्या तिथं विरला. पण तिला ते पटलं. तिलाही ते पटलं, ही गोष्ट पुढं तिला फार सलत राहिली.

अण्णा परतले त्याच दिवशी मिहिरनं सांगून टाकलं. त्यात त्याचा काही दुष्टपणा नव्हता. तो यंत्रांमध्ये वावरणारा माणूस, बिघाड सापडला की सांगून मोकळा व्हायचा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. तांबू त्यांच्या पायात घोटाळत होता, त्याच्या नव्या लवेवरून ते हात फिरवत राहिले.

"मी होतो तोवर खाज, मी नव्हतो तर खाज नाही," ते सावकाश म्हणाले. "अशा पुराव्यावर माणसं आत गेलेली मी बघितलीत. मग मीच दिलं असणार. मला आठवत नाही, तेवढंच."

सुतक फिटलं, देव उघडले, पूजा सुरू झाली. आठवडा झाला नाही तोच मागचा पाय पुन्हा फरशीवर आपटायला लागला. सगळं घर अण्णांकडं बघू लागलं. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं, पण अण्णांनी आयुष्यभर माणसांच्या नजराच वाचल्या होत्या.

एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर जवळजवळ समाधान होतं.

"उमा, आठवलं मला. मी त्याला ग्लुकोजचं बिस्किट द्यायचो. चहात बुडवून. त्याची ओली जीभ हाताला लागायची, तेसुद्धा आठवायलंय."

उमाच्या हातातला झारा थांबला. ग्लुकोजची बिस्किटं पथ्य सुरू झाल्यापासून घरात आलीच नव्हती. होती ती माळ्यावर, आणि अण्णांना शिडी चढणं शक्य नव्हतं. तिला ते तिथंच बोलायला हवं होतं. पण त्यांचा कबूल केल्यानंतरचा निवांत चेहरा बघून तिचं धाडस झालं नाही. तिनं नुसती मान हलवली. मिहिरला सांगितलं, तर त्यानं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

अण्णांनी आपली शिक्षा आपणच ठरवली. वरच्या खोलीत ते राहायला गेले. ताट वरती मागवून घेऊ लागले. जेवण झालं की हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, पुन्हा धुवायचे. तांबू जिन्याच्या पायरीशी बसून वर बघत कुंई कुंई करायचा, मध्येच खाजवायचा, पुन्हा वर बघायचा. अण्णांनी जिन्याचं दार लावून घेतलं होतं. ओटा संध्याकाळी रिकामा राहू लागला आणि उमाला तिकडं बघवेना.

आणि खाज? खाज वाढतच होती. आता अण्णा त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते, तरी वाढत होती. उमाला कोडं उलगडेना. सुतकात जे खाणं लागू पडलं, त्याच पिशवीतलं खाणं, तेच पाणी. मग?

गुरुवार होता. उमाचा कडक उपास, दिवसभर पाणीसुद्धा नाही. पूजा आटोपून ती देवघरातून उठली, तोवर पारूबाईनं चहाचं आधण ठेवलं होतं.

"घोटभर घ्या की वैनी. तोंड लई सुकलंय तुमचं."

"नको गं. गुरुवारी काही चालत नाही मला."

"आत्ता तर तोंडात टाकलं की काहीतरी."

"तो प्रसाद होता," उमा म्हणाली. "प्रसादानं कुठं उपास मोडतो?"

पारूबाईला ते पटलं आणि ती कणकेकडं वळली. उमा मात्र जागच्या जागी उभी राहिली. तिचा उजवा हात खाली होता, सवयीनं पसरलेला, आणि तांबू तिच्या तळहातावरचं दूध-साखर चाटून पुसून घेत होता. रोजच्यासारखं. माई असल्यापासूनचं. डबे माळ्यावर टाकताना, दारं लावताना, पारूबाईला दमात घेताना, एकदासुद्धा तिच्या मनात आलं नव्हतं की हे खाणं आहे. प्रसाद कुणी खातं का? प्रसाद घेतात.

तिनं हात मागं ओढला. तांबू दचकला. देव झाकलेले दहा दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्या दहा दिवसांचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं होतं तेही. जिन्याचं दार ढकलून ती तशीच वर गेली. तांबू तिच्या पायांतून वाट काढत तिच्याआधी पोचला.

अण्णा खुर्चीवर बसले होते. तांबूला बघताच त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"याला खाली ने, उमा."

"अण्णा, तुम्ही काही दिलं नव्हतं. मी देत होते. रोज पूजेनंतर, दूध-साखर. सुतकात पूजा बंद होती म्हणून तो बरा झाला. तुम्ही पैठणला होतात म्हणून नाही." ती उभ्या उभ्या रडायला लागली. "माझं चुकलं, अण्णा. मी तुमच्यावर आळ घेतला."

अण्णांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग हसले. फार मायेनं हसले.

"कोर्टात असले कबुलीजबाब पुष्कळ बघितले, पोरी. घरातल्या म्हाताऱ्याला सोडवायला कुणीतरी पुढं येऊन आपल्यावर घेतं. माईनंसुद्धा हेच केलं असतं."

"नाही हो! खरंच मी. बिस्किटं तर घरातच नव्हती, सगळी माळ्यावर आहेत. चला, दाखवते."

अण्णांचं हसू ओसरलं. उमाला वाटलं, आता पटलं, आता सुटले बिचारे.

"बिस्किटं नव्हती," ते म्हणाले. "मग ती जीभ कुठली? मला हाताला ओलं लागलेलं आठवतं, उमा. चहाचा वास आठवतो. तू म्हणतेस ते खोटं असेल तर मी देऊन विसरलो. आणि खरं असेल तर जे झालंच नाही ते मला आठवायलंय. यातलं कुठलं बरं, तेवढं सांग मला."

उमा खाली गेली, पिशवीतले तपकिरी दाणे वाडग्यात मोजून घेतले आणि वर आणले. उद्यापासून तांबूला प्रसाद नाही, हे तिनं जिन्यातच ठरवलं होतं. दत्ताला काय सांगायचं ते ती सांगणार होती.

"आजपासून याला तुम्हीच वाढायचं," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला. तुमच्याच हातानं. तो बरा होईल, मग तुम्हालाच कळेल."

अण्णांनी हात पुढं केले नाहीत. तांबू खुर्चीला वळसा घालून मागं गेला आणि त्यांची पाठीमागं धरलेली बोटं चाटू लागला. त्या स्पर्शानं म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच त्यावर भीती पसरली. त्यांनी हात सोडवून घेतले आणि शाळेत नखं दाखवायला मुलं धरतात तसे उमासमोर उघडे धरले.

"आधी तू बघ. काही लागलेलं नाही ना? माझा आता भरवसा नाही. तू बघून सांग."

उमानं बघितलं. साबणानं धुऊन धुऊन ते तळवे पांढरे पडले होते, बोटांच्या पेरांना भेगा गेल्या होत्या. वाडगा त्यांच्या हातात देताना तिला जाणवलं, तिचा स्वतःचा हात अजून साखरेनं चिकट होता.