डावा हात वर, उजवा खाली

वाटी पडली. स्टीलची, छोटीशी. आधी फरशीवर आपटली, मग कडेवर उभी राहून गोल गोल फिरत राहिली. आवाज बारीक होत गेला आणि शेवटी एकदा थरथरून थांबला. खोलीत चौघं जागी होती, पण कोणी हललं नाही.

मोनिका ओट्याशी पाठमोरी उभी होती. अशा वेळी वळायचं नाही, हे ती या अडीच महिन्यांत शिकली होती. वळून वाकलं की अंतोन म्हणायचा, "राहू दे, मी काय लुळा झालोय?" आणि नाही उचललं तर वाटी दिवसभर तिथंच पडून राहायची. यातून वाट काढली होती ती सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी. राहुरीकडचं घर बंद करून त्या मुलाच्या दुखण्यासाठी चिखलीला येऊन राहिल्या होत्या. काही पडलं की त्या केरसुणी घेऊन उठायच्या आणि कचरा काढता काढता पडलेली वस्तू सहज जागेवर ठेवून द्यायच्या. आजही त्या उठल्या. सकाळचे सहा वाजले होते, खोली कालच झाडून लख्ख केलेली होती, तरी त्यांनी कचरा काढला.

अंतोन भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीखाली दाबलेला. त्या हाताला आता फक्त अंगठा होता. बाकीची चार बोटं चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये गेली. तिथं तो ठेकेदाराकडून कामाला होता, पत्र्याचे पार्ट दाबायच्या मशिनीवर.

खिळ्याला प्लॅस्टिकमध्ये पांढरा फ्रॉक टांगलेला होता. आठ वर्षांची करिष्मा त्याच्याकडं बघत अंथरुणातच बसली होती. आज तिचं पहिलं कम्युनियन. आजवर चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत सगळी मोठी माणसं वेदीपाशी जाऊन फादरच्या हातून ती पातळ, गोल, पांढरी भाकर घ्यायची आणि ही बाकावर बसून राहायची. आज तीही जाणार होती.

"पप्पा, तुम्ही येणार ना? सिस्टर म्हणाल्यात, मागं मम्मी-पप्पा दोघं पाहिजेत."

अंतोननं मांडीखालचा हात आणखी आत सरकवला. मोनिकानं गॅस उगाचच बारीक केला.

गेले चार महिने पोरगी घरात याचाच सराव करत होती. डावा हात वर, उजवा खाली. फादर म्हणणार, 'ख्रिस्ताचे शरीर.' आपण म्हणायचं, 'आमेन.' मग खालच्या उजव्या हातानं उचलून तोंडात. सुरुवातीला अंतोन फादर व्हायचा. पापडाचा तुकडा दोन बोटांत धरून गंभीर तोंडानं वाकायचा आणि करिष्मा आमेन म्हणायच्या आतच स्वतः खाऊन टाकायचा. पोरगी चिडायची, मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मग ती गोष्ट घडली आणि खेळ बंद झाला. आता करिष्मा एकटीच आरशासमोर उभी राहून आपल्याच डाव्या हातावर पापड ठेवायची.

अंतोनला मिस्सा फार आवडायची. मोनिकाला याचं नवल वाटे, कारण एरवी रांग म्हटली की त्याच्या अंगावर काटा यायचा. कंपनीत जेवायला दोन रांगा होत्या. आधी पर्मनंटवाले, मग त्यांचं झाल्यावर ठेकेदाराची माणसं. "कम्युनियनला रांग एकच असते बघ," तो म्हणायचा. "पुढं प्राधिकरणातल्या बंगल्यातला मॅनेजर, मागं मी, आणि दोघांना मिळतं तेवढंच. त्याच्या वाट्याला इंचभर जास्त नाही." मंजुळाबाईंना मेलेल्यांसाठीची प्रार्थना लागायची. त्या वेळी त्यांचे ओठ हलत राहायचे, नवऱ्यापासून ते लहानपणीच गेलेल्या बहिणीपर्यंत एकेक नाव घेत. आणि मोनिकाला काय आवडायचं, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या एका तासात तिला कोणी हाक मारत नसे. गुडघे टेकले आणि डोळ्यांना पाणी आलं, तरी 'काय झालं' म्हणून कोणी विचारत नसे. आठवडाभराचं रडणं ती रविवारसाठी राखून ठेवायची.

आणि तिनंच त्याला सांगितलं होतं, जा.

ऑर्डर मोठी होती, म्हणून लागोपाठ तीन रविवार ओव्हरटाइम लागला. पहिल्या दोन रविवारी तो कुरकुरत गेला. तिसऱ्या रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला आणि म्हणाला, आज मिस्सा चुकवत नाही, मग सुपरवायझर काहीही बोलू दे. तेव्हा मोनिका म्हणाली होती, "जा हो. देव काय हजेरी लावतो का?" त्यानं इस्त्रीचा शर्ट काढून कामाचा घातला. साडेअकराला फोन आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "बोटं आणलीत का?" सोबत आलेल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बर्फात घालून आणली असती तर बघता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे चढवू लागले.

चार दिवसांनी आदिनाथ, अंतोनचा सुपरवायझर, सफरचंदांची पिशवी घेऊन आला. वाईट माणूस नव्हता. अंतोन औषधाच्या गुंगीत होता. आदिनाथ पलंगाशी उभा राहून मोनिकाला हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, त्याला सांगा, मनाला लावून घेऊ नको. त्याच्यामुळं काम अडलं नाही. रक्तावर भुसा टाकला, झाडून घेतलं आणि सेकंड शिफ्ट वेळेवर लागली." तो खरोखर तिचा धीर वाढवायला बोलत होता. मोनिकानं मान हलवली. सफरचंदं घेतली. ते वाक्य तिनं अंतोनला कधी सांगितलं नाही.

दारात भागूबाई आल्या. चाळ त्यांचीच. कधीकाळी इथं त्यांचं ज्वारीचं रान होतं. हातात झाकलेली ताटली.

"पोहे आणलेत पोरीला. खा गं."

"नको आज्जी," करिष्मा म्हणाली. "कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नसतं."

"आत्ता गं बया. देवाघरी जेवाय चाललीस व्हय, म्हणून भूक राखून ठिवतीस?" भागूबाई उंबऱ्यावरच बसल्या. "आमच्या देवाला नारळ लागतो, फुलं लागत्यात. तुमच्या देवाला काय न्यायचं?"

"सिस्टर म्हणतात, रिकामे हात न्यायचे."

"बरं हाय की. सवस्तातला देव गावला तुमाला." मग अंतोनकडं नजर गेली आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं. ताटली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "आन् तू रं? कापडं का न्हाई केली आजून?"

"मी नाही जात, मावशी."

"का?"

"हात दुखतोय."

भागूबाई उठल्या. जाता जाता करिष्माचा हात धरून म्हणाल्या, "चल, तुजी येणी घालून दिते. आमच्या सुनंपरीस चांगली घालते मी." मंजुळाबाईही फ्रॉक घेऊन त्यांच्यामागं गेल्या. खोलीत दोघंच उरली.

मोनिका त्याच्यासमोर बसली. बोलायचं ठरवलेलं वेगळंच होतं, तोंडून निघालं ते असं:

"मीच म्हटलं होतं तुम्हाला, जा म्हणून."

"हं."

"त्या दिवशी मिस्सेला गेला असतात तर—"

"हात आत असला की मशिनीला थांबवणारा सेन्सर असतो. तो काढून ठेवला होता, माल लवकर निघावा म्हणून. तू काढलास का?"

"नाही."

"मग गप बस." आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "मोने, मिस्सा सगळी हातांची असते गं. मला हे आधी कधी कळलंच नव्हतं. क्रुसाची खूण उजव्या हातानं. शांती द्यायची ती हात जोडून. घ्यायचं ते हातावर. मी तिथं करू काय? खिशात हात घालून उभा राहू?"

"राहा."

"पोरीला लाज वाटेल."

"ती रोज विचारते, पप्पा येणार ना. लाज वाटणारी पोरगी असं विचारते का?"

त्यानं मांडीखालचा हात काढला आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "इस्त्रीचा शर्ट कुठाय?"

तोच शर्ट होता, त्या रविवारी काढून ठेवलेला. मोनिकानं त्याची बटणं लावली, खालून वर, आणि शेवटच्या बटणापाशी तिची बोटं उगाच रेंगाळली. त्यानं रेंगाळू दिली.

आकुर्डीच्या चर्चला पोचेपर्यंत पहिलं गीत सुरू झालं होतं. पांढऱ्या फ्रॉकमधल्या आणि पांढऱ्या शर्टांतल्या मुलांचे पुढचे दोन बाक भरले होते, त्यांच्या मागं त्यांचे आईवडील. अंतोननं डाव्या हातानं क्रुसाची खूण केली. ती उलटी, अडखळत झाली. मोनिका समोर बघत राहिली. शांती द्यायची वेळ आली तेव्हा पुढच्या बाकावरचा सोनेरी चष्म्याचा माणूस हात जोडून वळला, "शांती असो," म्हणाला. अंतोननं नुसती मान लववली. त्या माणसाची नजर खिशात गेलेल्या हातावर घुटमळली आणि चटकन वर आली.

मग रांग लागली. प्रत्येक मूल आणि मागं त्याचे आईवडील. करिष्मा पुढं, तिच्यामागं अंतोन, मग मोनिका, मग मंजुळाबाई. करिष्मानं हात असे धरले होते, जणू कोणी पाखरू ठेवणार आहे त्यावर. डावा वर, उजवा खाली. "आमेन," ती म्हणाली, जरा मोठ्यांदाच. उचललं, तोंडात घातलं आणि शिकवल्याप्रमाणे बाजूला झाली. पण पुढं गेली नाही. वडिलांसाठी थांबली.

अंतोननं खिशातून हात काढला.

मोनिकाला वाटलं, तो तोंड उघडेल. जिभेवर घेता येतं, मंजुळाबाई तर कायम तसंच घेतात. पण त्यानं डावा हात पुढं केला आणि त्याखाली उजवा धरला, अंगठा असलेला आणि पुढं काही नसलेला. घरी पापडाच्या खेळात पोरीला शिकवलं होतं, तसंच. फादर क्षणभर थांबले. "ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन."

भाकर डाव्या तळव्यावर आली. आता ती उजव्या हातानं उचलायची होती. त्यानं अंगठा टेकवला. ती सरकली. पुन्हा अंगठ्यानं कडेला ओढली, आणि ती तळव्यावरून घसरून खाली गेली. आवाज झाला नाही. झाला असता तर बरं, असं मोनिकाला वाटलं.

अंतोन जागच्या जागी गोठला. लहानपणापासून तो हेच शिकला होता, भाकर नाही ती, देवाचं शरीर. ते त्याच्या हातून जमिनीवर पडलं होतं.

फादरनी हातातलं पात्र शेजारच्या सिस्टरकडं दिलं आणि वाकले. वय झालेला माणूस, गुडघा टेकून वाकले. भाकर दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतः खाल्ली. वेदीवरून एक घडी केलेला पांढरा रुमाल आणवला आणि भाकर पडली होती तेवढ्या जागेवर अंथरला, कोणाचा पाय पडू नये म्हणून. हे सगळं सावकाश चाललं होतं. मागं चर्चभर माणसं उभी होती. कोणी च्च केलं नाही, कोणी पुढं सरकलं नाही, सोनेरी चष्म्याचा माणूससुद्धा नाही. गीत म्हणणाऱ्यांनी कडवं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

मग फादर उठले. नवी भाकर घेतली आणि अंतोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाले, "बाळा, तोंड उघड."

अंतोननं तोंड उघडलं. त्यानंतर मोनिकानं काय घेतलं, कसं घेतलं, तिला काही आठवेना. बाकावर गुडघे टेकले तेव्हा राखून ठेवलेलं रडणं आलंच नाही.

मिस्सा सुटल्यावर बाहेर फोटोंची गर्दी झाली. अंतोन पायरीवर बसला होता, मंजुळाबाई शेजारी. उजवा हात गुडघ्यावर, उघडा. त्यावर ऊन पडलं होतं. मोनिका चार पावलांवर करिष्माच्या सुटलेल्या वेणीला रिबीन बांधत होती. उघड्या दारातून आत वेदीच्या पुढं तो रुमाल अजून दिसत होता. एक सिस्टर वाटीत पाणी घेऊन ती जागा पुसायला वाकली होती.

करिष्मा ते बघत होती.

"मम्मी, सिस्टर ती जागा पाण्यानं का धुतात?"

"देवाचं शरीर पडलं होतं ना. त्याचा कण राहू नये म्हणून."

करिष्मानं मान वळवून पायरीकडं पाहिलं, वडिलांच्या गुडघ्यावरच्या हाताकडं. मग पुन्हा आत.

"मम्मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पायरीपर्यंत जाईल एवढा स्वच्छ होता, "कंपनीत पप्पांची बोटं पडली, तेव्हा त्यांच्यावर कोणी असा पांढरा रुमाल टाकला होता का?"