दहाव्यातलं भाषन

आमच्या भागात दहावा म्हंजी फुकटातली सभा. मेलेल्याचं पोरगं टक्कल करून पिंडापुढं बसतं, आन् इकडं माईकवर पुढारी श्रद्धांजली वाहत्यात. ज्याच्या भाषनाला बाया डोळ्याला पदर लावत्यात, त्या घरची मतं त्याची. आमचे हे दोन डाव आमदार झाले ते दहाव्याच्या भाषनांवरच, असं इरोधकबी म्हनत्यात.

आन् मला धास्ती त्याच भाषनाची. कारन ह्यांचं डोकं विसरायला लागलंय. चष्मा कुठं ठिवला, किल्ली कुठं ऱ्हायली, तसलं विसरनं न्हाई हे. दिवाळीला सख्ख्या बहिनीला म्हनाले, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" ती हसली, तिला भावाची चेष्टा वाटली. मी मोरीत जाऊन रडले.

फॉर्म भरायच्या आधी मी पुतन्याला, गोरक्षला, हात जोडून सांगितलं, यंदा तुझ्या आबांना उभं करू नको. प्रचार समदा त्याच्याच हातात. तो म्हनला, "काकू, थकवा हाय त्यो. आन् आबा न्हाई तर कोन? समोरच्या पार्टीचा वैजनाथराव टपूनच बसलाय."

मग काय, गाडीत मी ह्यांच्या शेजारी. कुनी समोर आलं की मीच आधी वरडायची, "या रामहरीभाऊ, सूनबाई बरी हाय का?" की हे लगेच, "काय रामहरी, सूनबाई काय म्हनती?" लोक म्हनायचे, आबांची याददाश्त बघा! डोंबलाची याददाश्त.

त्या दिवशी पुणतांब्याला, गोदावरीच्या घाटावर, कारभारीभाऊजींचा दहावा हुता. कारभारी म्हंजी ह्यांचा जिवाचा मैतर. हे पयल्यांदा सरपंचकीला उभे ऱ्हायले तवा सायकलीला भोंगा बांधून गावभर फिरलेला. तो गेला त्या दिवशी हे ढसाढसा रडले हुते. तरी गाडीत मी घोकून घेतलं.

"कोन गेलं?"

"कारभारी."

"काय बोलायचं?"

"दिलदार मानूस हुता."

"आन् लगेच खाली बसायचं."

"बसतो गं बाई! शाळेत घातलंस का मला?"

घाटावर बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. तिथंच माझा इलाज सरला. वैजनाथराव पयल्या रांगेत बसलेला. आधी तो बोलला, गुळमुळीत. मग ह्यांचं नाव पुकारलं.

पन हे बोलायला लागले तसा घाट गप झाला. सायकल, भोंगा, दोघांत वाटून खाल्लेली भाकर, समदं आठवलं. कारभारीभाऊजींची बायको हुंदके द्यायला लागली. मी म्हनलं, देवा, पावलास रं. बसा आता खाली. बसा ओ!

हे बसले न्हाईत. गर्दीवर नजर फिरवली, कपाळाला आठ्या पडल्या, आन् माईकवरच म्हनाले, "आरं, इतकी मान्सं जमली, मग कारभारी कुठंय? बोलवा की त्याला पुढं. त्याच्याबिगर मी कवा सभा घेतली न्हाई."

मी म्हनलं, झालं, आता हसत्याल, उद्या मोबाईलवर गावोगाव फिरंल हे.

कुनी हसलं न्हाई. आख्खा घाट रडला. कारभारीभाऊजींचा थोरला उठून ह्यांच्या पायावर पडला. वैजनाथरावनंबी रुमाल काढला. माझ्यामागं एक बाई म्हनाली, "मैतर असावा तर असा. तो गेला हे मनच घेत न्हाई आबांचं." हे मातर त्या पोराच्या डोक्यावरून अजून गर्दीत बघत हुते, कारभारीला हुडकत.

गाडीत बसल्यावर बारीक आवाजात म्हनाले, "रतन, कारभारी आला न्हाई. रागावला का गं माझ्यावर?"

"न्हाई ओ. तुमच्यावर कशाला रागवंल त्यो?" मी म्हनलं, आन् गाडी चालवनाऱ्या गोरक्षला म्हनलं, "ऐकलंस ना? गाडी नगरला घे. आत्ताच्या आत्ता डाक्टरला दाखवायचं."

त्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं. मेल्याला नवल वाटलंच न्हाई. त्याला समदं आधीपासनंच ठावं हुतं.

"दाखवू की काकू. मतदान झालं की लगेच. पन उद्या आनखी एक दहावा हाय. तवर आबांना कारभारीकाकाचं काई सांगू नका. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

"मुडद्या, सख्खा चुलता हाय तुझा!"

त्यानं गाडी पुढच्या गावच्या सभेच्याच रस्त्याला घातली. घाटावरची बातमी आमच्या आधी पोचली हुती. फाट्यावर बाया ओवाळायचं ताट घेऊन उभ्या, पोरं गाडीमागं पळायला लागली, "आबा, आबा!" ह्यांचं तोंड उजळलं. काच खाली करून हात जोडले.

मला वरडून सांगायचं हुतं, बायांनो, तुमच्या पाया पडते, ह्यांना मत देऊ नका, माझं मानूस मला घरी नेऊ द्या.

ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. "आगं, मान्सं बघत्यात. जोड की हात."

मी हात जोडले.