तिसऱ्या खुणेचं साल

नकुल कर्मकारने ब्लेडच्या टोकाने पंख्याच्या पोटावरचा रंग खरवडला. आधी पांढरा निघाला, त्याखाली पोपटी, त्याखाली काळा आणि मग ओतीव लोखंड.

"तीन लेप! लग्नाच्या नवरीलासुद्धा एवढी हळद लावत नाहीत हो."

दुकानातल्या बाकावर बसलेले राधारमण दास पोट हलवत हसले. नवद्वीपच्या एका वैष्णव आखाड्याचे ते कारभारी. कीर्तनमंडपातला हा पंखा टेम्पोत घालून त्यांनी सकाळीच कोलकात्याला आणला होता.

"मिस्त्रीदादा, हरिनाम ऐकून ऐकून तो आमच्यापेक्षा मोठा भक्त झालाय. दुरुस्ती तर कराच, पण आधी साल सांगा. मंडपाची शंभरी आहे, पाटी लावायचीय. महंत म्हणतात, पंखा पहिल्या दिवसापासूनचा."

"महंतांना माझा दंडवत सांगा, आणि पंखा नंतरचा आहे तेही सांगा." नकुलने एकेक पातं उलटं करून त्यावर ठोकलेला आकडा पोटावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. "पाती मूळचीच आहेत. पण हा पाच आकडी नंबर इंग्रजी एकोणीसशे चौतीसच्या आधी येत नव्हता. उघडून बघू, तारेवर सुताचं वेष्टण असेल तर नक्की."

त्याने वरचं झाकण उतरवलं. आतली तार नंतर कुणीतरी बदललेली होती. सुताचे दोन-चार कुजके धागे मात्र खाचेत अडकून राहिले होते. मग त्याने झाकण उजेडाकडे धरलं. पंख्याची जळलेली तार नव्याने भरणारा प्रत्येक कारागीर झाकणाच्या आत शेंदरी रंगाने आपली खूण आणि बंगाली सन लिहून ठेवतो. आधीच्याचं पुसायचं नाही, खाली आपलं लिहायचं, असा या धंद्याचा रिवाज. इथे तीन खुणा होत्या. पहिली उडालेली. दुसरी धनुष्याची, तेराशे एकसष्टची. तिसरी शंखाची, तेराशे एकोणनव्वदची, म्हणजे इंग्रजी ब्याऐंशीच्या सुमाराची.

नकुलने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. नऊच्या आकड्याची शेपटी डावीकडे वळलेली होती, थोरला भाऊ काढायचा तशीच.

बापाने दोघा भावांना खुणा वाटून दिल्या होत्या. धाकट्या नकुलला मासा, थोरल्या शीतलला शंख. तेराशे चौऱ्याहत्तर साली शीतल कीर्तन ऐकायला म्हणून गेला तो परतलाच नाही. बारा वर्षं वाट पाहिली. मग तेराशे शहाऐंशीच्या आषाढात गंगेच्या काठी शीतलच्या जागी दर्भाचा पुतळा निजवला आणि नकुलने त्याला अग्नी दिला. त्याच दुपारी वहिनीच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या फुटल्या.

"ही तार कुणी भरली?" त्याने विचारलं.

"ती? शीतल बाबाजींनी! आखाड्यातच राहायचे. दिवसभर गावातले पंखे, संध्याकाळी मृदंग. काय हात होता, मिस्त्रीदादा! नाम सुरू झालं की दगडालासुद्धा पाझर फुटावा. घरचं कुणी विचारलं तर हसायचे. म्हणायचे, एकदा गेलो होतो गल्लीपर्यंत. बायको पांढऱ्या लुगड्यात नळावर उभी होती. माझं सगळं करून झालंय, आता जाऊन कुणाला घाबरवू?"

"आहेत?"

"छे हो. वीसेक वर्षं झाली जाऊन."

मागचं दार वाजलं. बिंदूवहिनी चहाचे दोन पेले घेऊन आल्या. नकुलने हातातलं फडकं झाकणावर टाकलं.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो न्यायला."

"येता येता चहाचं सरबत केलं असतंत," म्हणत त्यांनी पेले बाकावर ठेवले. परत गेल्या मात्र नाहीत. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"शंख आहे ना आत? दाराआडून ऐकलं मी."

नकुलने फडकं झाकणावर आणखी ओढलं.

"पुतळ्यानंतर चार वर्षांनी मी गल्लीतल्या बायकांबरोबर रासपौर्णिमेला नवद्वीपला गेले होते. आठवतं? तुम्हीच गाडीत बसवून दिलंत. तिथल्या मंडपात मागच्या खांबाशी बसले. पुढे मृदंग चालला होता."

"वहिनी! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कुणाशी? अग्नी तुम्ही दिला होता, भाऊजी. तुम्हाला कळलं असतं तर जन्मभर घास उतरला नसता." त्यांनी त्याचा पेला पुढे सरकवला. "आणि फार छान वाजवत होते."

राधारमणांचा पेला हातातच राहिला होता. ते उठून उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दादा, तिथी कोणती होती? आम्ही आपलं श्राद्ध आषाढातच करतो. पुतळ्याच्या तिथीला."

राधारमणांनी बोटांवर मोजलं, डोळे मिटून पुन्हा मोजलं.

"माघ वद्य पंचमी, माई. पहाटे. नामस्मरण चालू होतं."

"माघ वद्य पंचमी," वहिनी हळू म्हणाल्या आणि आत गेल्या.

नकुल फडक्यावर हात ठेवून बसून राहिला. आतून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"भाऊजी," आतून हाक आली. "यंदाची गेली. परवाच."