टेम्पीचा चमचा

झेल्मामावशीच्या घरी सोफकीचं पातेलं कधी रिकामं नसे आणि त्याला चमचा कधी एकाहून जास्त नसे. मक्याची ती आंबटसर पेज आल्यागेल्याला न मागता मिळे. लांब दांड्याचा लाकडी चमचा आपल्या माणसांत एकाच्या तोंडातून निघे तो दुसऱ्याच्या हाती जाई. ओक्मल्गी गावातल्या क्रीक आदिवासींच्या घरांची ही जुनी रीत. मावशी क्रीकही होती आणि काळीही. तिच्या पणजीला क्रीक मालकाने विकत घेतलं होतं. गुलामी सुटल्यावर पणजी त्याला शिव्या द्यायची, त्याही क्रीक भाषेत. या पणजीचं नाव टेम्पी.

मावशीच्या भाचीने, ओडेसा ग्रेसनने, टेम्पीवर कुमारांसाठी कादंबरी लिहिली. त्यातली टेम्पी जेमतेम पंधरा वर्षांची. तिने हाक मारली की नदी थबकायची. शाळेतली नोकरी सांभाळून लिहिता लिहिता ओडेसाचे केस पिकले. मावशीची अट एकच होती.

"जादूबिदू काय हवं ते घाल, बाई. पण टेम्पी अख्खी ठेव. जन्मभर लोकांनी तिला अर्धीच धरली."

"अख्खी ठेवीन, मावशी."

मग न्यूयॉर्कहून संपादिका मेरेडिथचा फोन आला.

"ओडेसा, मी रडले गं! ऑफिसात सगळ्यांना रडवलंस."

रडणं ही प्रकाशनाची पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर 'पण' बसलेला असतो.

"पण टेम्पी नक्की कोण? काळी की आदिवासी?"

"दोन्ही."

"ते कळलं. पण मुलं गोंधळतील ना! दुकानात काळ्यांच्या पुस्तकांची फळी वेगळी, आदिवासींची वेगळी. हिला ठेवायची कुठे?"

"नदी थांबते, तिथे नाही गोंधळत मुलं?"

"नदीला फळी लागत नाही," मेरेडिथ अगदी मनापासून म्हणाली. "आपण दोन मुली करू. टेम्पी काळी, तिची मैत्रीण क्रीक. प्रतिनिधित्व दुप्पट!"

एका माणसाचे दोन तुकडे केले की माणसं दुप्पट होतात, हे गणित ओडेसाला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मला फार वाईट वाटेल."

याआधी पुष्कळ प्रकाशकांना ओडेसाबद्दल फार वाईट वाटून झालं होतं. त्यांची दुःखं तिने फाइलला लावून ठेवली होती. काहीच नसण्यापेक्षा अर्धी बरी, असं तिने स्वतःला समजावलं. कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी मुलीला निदान अर्धी टेम्पी भेटेल. ती हो म्हणाली.

नदी मैत्रिणीच्या वाट्याला गेली. जादू तिच्या लोकांची, असं ठरलं. टेम्पीच्या वाट्याला धैर्य आणि पाठीवरचे वळ आले. शेवटी ती मैत्रिणीसाठी मरते. मैत्रिणीवरच्या दुसऱ्या भागाला जागा हवी होती.

पुस्तक आलं. मुखपृष्ठ फार देखणं होतं. मावशी चष्मा लावून स्वयंपाकघरात वाचायला बसली, ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. ओडेसा समोर बसून टेबलावरचा डाग नखाने खरवडत होती. तो डाग तिच्या लहानपणापासूनचा होता, तो काही निघाला नाही.

"यातली आपली कोणती गं?" मावशीने विचारलं.

"दोघीही, मावशी."

"मग सोफकी प्यायला दोन वाडगे कशाला? दोन चमचे?"

"ते लोक म्हणाले, एकच चमचा मुलांना किळसवाणा वाटेल."

"बरं."

मावशी रागावली असती तर ओडेसाला सोसलं असतं. भांडायची तयारी ती गाडीतून येतानाच करून आली होती. मावशीने पुस्तक नीट मिटलं, कव्हरवर पडलेला मक्याचा कण एप्रनच्या टोकाने पुसला.

"दमली असशील. खाऊन जा."

मावशी पातेल्याकडे गेली. लाकडी चमचा तिने खुंटीवरून काढला नाही. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून, पाद्रीबाबा आणि विम्याचा माणूस आला की निघायचा तो चिनी मातीचा वाडगा तिने काढला, पाण्याने विसळला, डावाने त्यात सोफकी वाढली आणि चकचकीत स्टीलचा चमचा घालून अदबीने ओडेसापुढे ठेवला.

"घ्या," मावशी म्हणाली. "संकोच करू नका."